माळरानावर देशी गवताचे कुरण : वन्यजीवांसाठी अधिवास उभा करण्याची पद्धत

पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा-सांगलीतील दुष्काळी तालुके आणि मराठवाड्याचा बराचसा मुलूख पर्जन्यछायेत मोडतो. वर्षाकाठी साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत, आणि वीतभर मुरमाड मातीखाली लगेच लागणारा काळा खडक, अशा जमिनीवर दाट जंगल उभे राहत नाही. तेथे निसर्गतः वाढते ते गवत आणि त्यात मधूनमधून एखादी बोर किंवा हिवर. लांडगा, काळवीट, चिंकारा, खोकड, तणमोर, चंडोल, पखुर्डी, धाविक हे सारे प्राणी-पक्षी याच उघड्या माळाचे रहिवासी आहेत. तरीही कागदोपत्री अशी जमीन बहुधा ‘पडीक’ ठरते, आणि पडीक म्हटले की खड्डे खणून झाडे लावण्याची घाई सुरू होते.

ज्यांच्याकडे स्वतःचे काही एकर माळरान आहे, किंवा जे गावाच्या गायरानावर ग्रामपंचायतीच्या संमतीने काम करू इच्छितात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. गवत लावणे हे या कामातले सर्वांत शेवटचे पाऊल असून पुष्कळ ठिकाणी त्याची गरजही पडत नाही. आधी काय काढायचे, काय थांबवायचे आणि काय आहे तसे सोडायचे, हे ठरवण्यातच निम्म्याहून अधिक यश सामावलेले असते.

दख्खनच्या माळावरची गवते

आपली माळरानावरची बहुतेक गवते उष्ण हंगामात वाढणारी, म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या भाषेत सी-४ पद्धतीने अन्न तयार करणारी आहेत. कडक ऊन आणि थोडे पाणी या दोन्ही परिस्थितींत ती इतर वनस्पतींपेक्षा काटकसरीने वाढतात. मृगाचा पाऊस पडला की जुन्या ठोंबांना, म्हणजे गवताच्या जिवंत बुडख्यांना, कोंब फुटतात, श्रावण-भाद्रपदात ती फुलोऱ्यावर येतात, दिवाळीच्या सुमारास बी पिकते आणि त्यानंतर वरचा भाग वाळून सोनेरी होतो. वरून सारे मेल्यासारखे दिसले तरी मुळे जिवंत असतात. उन्हाळ्यात माळ उजाड दिसतो म्हणून तो निकामी झाला असे मानणे चुकीचे आहे.

दबडघाव आणि शंकरनारायणन यांनी देशभरातील गवताळ प्रदेशांचे जे सर्वेक्षण केले आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात भारतातील गवताच्छादनाचे पाच प्रमुख प्रकार मांडले आहेत. दख्खनचे पठार त्यांतील ‘सेहिमा-डायकँथियम’ या प्रकारात येते. सेहिमा म्हणजे आपल्याकडचे शेडा-पवन्या, आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. या दोन नावांभोवतीच आपल्या कुरणाची आखणी करायची असते.

कोणते गवत कोठे, हे मुख्यतः मातीच्या खोलीवरून ठरते. ओढ्याकाठची किंवा सखल भागातली, ओल धरणारी काळी माती असेल तर तेथे मारवेल चांगले येते, आणि पाणी थोडे तुंबत असेल तर मोशी. उताराच्या मुरमाड जमिनीवर शेडा-पवन्या आणि डोंगरी ही गवते धरतात. कुसळी, म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस, जवळजवळ कोठेही येते आणि आगीनंतर किंवा जास्त चराईनंतर ती इतरांना मागे सारते, म्हणून तिचे बी मुद्दाम पेरण्याची वेळ सहसा येत नाही. अगदी कोरड्या, हलक्या जमिनीवर अंजन तग धरते. मात्र अंजन आक्रमकपणे पसरू शकते. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या वाळवंटी भागात तेच गवत बाहेरून आणल्यावर मोठा उपद्रव ठरले आहे. आपल्याकडे ते मूळचे असले तरी मिश्रणात त्याचे प्रमाण कमीच ठेवावे. जेथे खडक वर आलेला आहे आणि दोन बोटेच माती आहे, तेथे काहीही लावू नये. तेथली वर्षायू, म्हणजे एकाच हंगामात उगवून मरणारी, बोटभर उंचीची गवते आणि मोकळे दगड हे धाविक पक्ष्याला आणि सरड्यांना हवेच असतात.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मारवेलचे ‘फुले मारवेल-०६-४०’ यांसारखे सुधारित वाण दिलेले आहेत आणि चाऱ्यासाठी ते उत्तम आहेत. वन्यजीवांच्या कुरणासाठी मात्र शक्यतो आपल्याच परिसरातल्या गवताचे बी वापरावे, कारण तेथल्या पावसाला आणि मातीला ते सरावलेले असते. संकरित नेपियर, पॅरा गवत आणि स्टायलो यांना तर या कामात स्थानच नाही. ती चाऱ्याची पिके आहेत आणि त्यांची जागा बांधावर किंवा गोठ्याजवळच्या तुकड्यात आहे.

पाहणी : एक पावसाळा आणि एक उन्हाळा

लागवडीचा विचार करण्यापूर्वी जमीन किमान दोनदा नीट पाहावी, एकदा सप्टेंबरच्या अखेरीस, गवते फुलोऱ्यावर असताना, आणि एकदा मार्च-एप्रिलमध्ये. फुलोऱ्याशिवाय गवत ओळखणे तज्ज्ञालाही अवघड जाते, म्हणून पहिली पाहणी चुकवू नये. चार काठ्यांची एक मीटर लांबी-रुंदीची चौकट करावी, ती माळावर पंधरा-वीस ठिकाणी, आवडीच्या जागा न निवडता, ठरावीक पावलांवर टाकावी आणि प्रत्येक वेळी आतील बहुवर्षायू ठोंब किती, वर्षायू गवत किती, रुंद पानांची तणे किती आणि उघडी जमीन किती, एवढे वहीत लिहावे.

ठोंब बहुवर्षायू आहे का, हे बुडाशी हात घालून कळते. बुडाशी जुन्या, तुटलेल्या, करड्या काड्यांचा घट्ट गड्डा लागला आणि ओढून तो सहज निघाला नाही, तर ते गवत अनेक वर्षांचे आहे. वर्षायू गवत मुळासकट हातात येते.

पाहणीनंतर तीनपैकी एक चित्र दिसते. बहुतेक चौकटींत एक-दोन तरी जिवंत ठोंब असतील, तर तेथे नांगर, कुदळ आणि बियाणे यांपैकी काहीही नेऊ नये. दोन पावसाळे चराई आवरली की असे माळ आपोआप भरतात. ठोंब तुरळक असतील, तर मोकळ्या जागा ठोंबे लावून भराव्यात. आणि जमीन पूर्वी कसलेली, पुढे सोडून दिलेली असेल व तिच्यावर गाजर गवत आणि तरोटाच माजला असेल, तरच पेरणीचा विचार करावा. जुने माळरान नांगरून ‘चांगले’ गवत पेरणे हा मला या क्षेत्रातला सर्वांत महाग पडणारा प्रकार वाटतो, कारण शेकडो वर्षांत जमलेली मुळांची जाळी आणि कंदवर्गीय रानफुले एकदा उलटली की ती माणसाच्या आयुष्यात परत येत नाहीत.

तीच गोष्ट सलग समतल चरांची, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या लांब चरांची. शेतीच्या पाणलोटात चरांचा उपयोग निर्विवाद आहे, पण चांगल्या कुरणातून चर खोदले की अखंड गवत तुटते, खालचा मुरूम वर येतो आणि त्या भरावावर पहिल्यांदा तणेच रुजतात. पाणी अडवायचेच असेल तर घळीत सैल दगडांचे छोटे बांध घालावेत आणि माळाच्या पाठीला हात लावू नये.

याच टप्प्यावर जमिनीची मालकी आणि परवानगी पाहून घ्यावी. गायरानावर ग्रामसभेचा ठराव हवा आणि वनजमिनीवर वनविभागाची लेखी परवानगी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिला सुरुवातीपासून सोबत घेतल्यास पुढचे वाद टळतात.

परकी झाडे-झुडपे काढणे

माळावर नको असलेल्यांत वेडी बाभूळ, घाणेरी, गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही मुख्य. उंच झाडांची दाटी झाली की गवतावर सावली पडते, शिवाय कावळे आणि शिकारी पक्ष्यांना बसायला जागा मिळते आणि तेथून त्यांना जमिनीवरची अंडी-पिल्ले टिपता येतात. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातील माळांवर पूर्वी गिरिपुष्पाची लागवड झाली होती, आणि उघड्या माळावर लांबवर नजर ठेवून जगणाऱ्या माळढोकासारख्या पक्ष्यासाठी ती प्रतिकूल ठरली.

वेडी बाभूळ नुसती तोडली तर एका खोडाला दहा फुटवे येतात. तिचे डोळे जमिनीच्या पातळीखाली असतात, म्हणून हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात बुंध्याभोवती खणून साधारण एक फूट खाली मुळ्या तोडाव्यात आणि पुढच्या पावसाळ्यात जे फुटवे येतील ते लगेच काढावेत. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्या की बी लेंड्यांतून सर्वदूर जाते, त्यामुळे शेंगा पिकण्याच्या काळात कळप त्या भागात न नेणे हा अर्धा उपाय आहे. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी, पाऊस पडून माती मऊ असताना उपटावे. त्याने अनेकांच्या अंगाला खाज आणि पुरळ येते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत. गाजर गवताला आळा घालण्यासाठी एके काळी कॅसिया युनिफ्लोरा पसरवण्याची शिफारस झाली, आणि आज तीच अनेक माळांवर गवताची जागा व्यापून बसली आहे. एक उपद्रव घालवण्यासाठी दुसरी परकी वनस्पती आणण्याचा मोह टाळावा. तणनाशकही टाळलेलेच बरे, कारण शेवरा, खुळखुळा यांसारख्या स्थानिक द्विदल वनस्पती त्याने आधी मरतात आणि लावे-तित्तर यांना लागणारे कीटक व बिया त्यांच्यावरच अवलंबून असतात.

सगळे काही साफ करण्याची हौस मात्र नको. हेक्टरी पाच-दहा बोरी, ओढ्याच्या काठची थोडी काटेरी झुडपे आणि एखादा जुना हिवर राहू द्यावा. चिंकारा गवतापेक्षा पाला आणि बोरांवर अधिक जगतो, आणि लांडग्याला दिवसा पडून राहण्यासाठी अशाच सावलीची गरज असते.

बी गोळा करणे आणि तपासणे

देशी गवतांचे बी बाजारात सहजी मिळत नाही आणि मिळाले तरी त्याचे मूळ ठिकाण कळत नाही. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ते स्वतः गोळा करावे. डोंगरीचे बी लवकर पिकते, मारवेल टप्प्याटप्प्याने पिकत राहते, शेडा-पवन्या साधारण दिवाळीच्या आगेमागे आणि कुसळी सर्वांत शेवटी. पक्व बी तुऱ्याच्या टोकाकडून गळायला लागते आणि दोन-चार वाऱ्याच्या दिवसांत तुरा रिकामा होतो, त्यामुळे एकाच दिवशी सारे उरकण्याऐवजी आठवड्याच्या अंतराने फेऱ्या माराव्यात. तुरा मुठीत धरून हलके ओरबाडल्यावर जे सहज हातात येते तेवढेच घ्यावे. जोर लावावा लागला तर ते कच्चे आहे. एका जागेवरचे एक तृतीयांशाहून अधिक बी नेऊ नये, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय मुळीच नेऊ नये.

गोळा केलेल्या ढिगातले प्रत्येक कणीस म्हणजे बी नव्हे, हे लक्षात ठेवावे. या गवतांत कणिशके, म्हणजे कणसातले दाणा धरणारे बारीक घटक, जोडीने येतात. जोडीतले देठ नसलेले, कूस (केसासारखे लांब, ताठ टोक) असलेले कणिशक बहुधा दाणा धरते आणि देठावरचे पोकळ राहते. तपासणीसाठी काही कणिशके नखांत धरून दाबावीत. आत टणक, पिवळसर-तपकिरी दाणा लागला तर बी भरलेले आहे.

कुसळीचे बी जवळून पाहण्यासारखे असते. टोकाला सुईसारखा अणकुचीदार, केसाळ भाग आणि मागे दोन-तीन इंच लांब, दोरीसारखी पिळलेली काळपट कूस. तळहातावर ठेवून पाण्याचा एक थेंब टाकला की कूस स्वतःभोवती फिरू लागते, वाळली की उलट पीळ घेते, आणि या आलटूनपालटून फिरण्याने बी मातीत खुपसले जाते. पावसाळ्यापूर्वी जमिनीवर पडलेले बी अशा रीतीने स्वतःच रुजण्याच्या खोलीपर्यंत पोहोचते. हीच कूस मेंढ्यांच्या लोकरीत आणि कातडीत शिरते, म्हणून कुसळी भरायला लागली की मेंढपाळ त्या माळावर कळप घालत नाहीत. चराईचे वेळापत्रक ठरवताना हे ध्यानात ठेवावे.

बी सावलीत, पातळ थरात, रोज हलवत चार-पाच दिवस वाळवावे, सुती पिशवीत किंवा गोणपाटात भरून उंदरांपासून दूर टांगून ठेवावे आणि पिशवीवर गवताचे नाव, ठिकाण व महिना लिहावा. ताजे बी बहुधा लगेच उगवत नाही. त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते, आणि नोव्हेंबर ते जून हा काळ त्यासाठी पुरतो. मे महिन्यात १०० कणिशके ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. पंधरा-वीस दिवसांत वीस-तीस उगवली तरी निराश होऊ नये. रानातल्या बियांत पोकळ कणिशकांचा वाटा मोठा असतो. उगवण कमी असेल त्या प्रमाणात बियांचे प्रमाण वाढवायचे, एवढेच.

लागवड : ठोंबे की पेरणी

तुरळक ठोंब असलेल्या माळासाठी रोपे किंवा ठोंबे लावणे अधिक खात्रीचे आहे. मेच्या अखेरीस पाण्याची सोय असेल तेथे एक मीटर रुंदीचे गादीवाफे करावेत, बी ओळींत टाकून वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर चाळलेली माती आणि शेणखत पसरावे आणि झारीने पाणी द्यावे. पाच-सहा आठवड्यांत रोपे लावणीस येतात. पुनर्वसूच्या सुमारास, पाऊस स्थिरावल्यावर, रिमझिमीच्या दिवशी ती हलवावीत. जुना ठोंब फोडून लावायचा असेल तर प्रत्येक तुकड्याला तीन-चार जिवंत काड्या आणि मुळे असावीत, आणि वरचा पाला वीतभर ठेवून छाटावा.

अंतराच्या बाबतीत चाऱ्याची शिफारस जशीच्या तशी उचलू नये. चाऱ्यासाठी ५० × ५० सेंटिमीटर किंवा त्याहून दाट लावतात, म्हणजे हेक्टरी ४०,००० ठोंबे, एकरी सुमारे १६,०००. वन्यजीवांसाठी एवढी दाटी अडचणीची ठरते. लाव्याची किंवा तित्तराची पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच चालू लागतात. त्यांना दोन ठोंबांमधून पळायला, बी आणि किडे टिपायला उघडी जमीन हवी आणि वरून झाकणारी पाती हवीत. त्यामुळे १ मीटर × ७५ सेंटिमीटर अंतर पुरेसे आहे. हेक्टरी साधारण १३,३०० ठोंबे होतात, खर्चही तिसऱ्या हिश्श्यावर येतो. सरळ ओळींचाही हट्ट नको. ओळींतून कोल्ह्या-कुत्र्यांना घरटी हुडकणे सोपे जाते.

पडीक शेतावर पेरणी करायची असेल तर वळवाच्या पावसावर कुळवाची एक उथळ पाळी द्यावी, मृगाच्या सरींवर तण उगवू द्यावे आणि ते कोवळे असतानाच दुसरी पाळी देऊन मोडावे. यानंतर, जमीन वीतभर खोल ओली झाल्यावरच, साधारण आर्द्रात पेरणी करावी. पहिल्या एकाच पावसावर विसंबून पेरले आणि मध्ये पंधरा दिवसांची उघडीप पडली तर उगवलेले सारे करपते. प्रमाण हेक्टरी ४ ते ६ किलो मिश्र बी. केसाळ, कुसांचे बी हातातून सुटे पडत नाही आणि वाऱ्यावर उडते, म्हणून एक भाग बी, एक भाग शेण, तीन भाग चिकणमाती आणि एक भाग वाळू यांच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या करून सावलीत सुकवाव्यात आणि त्या फेकाव्यात. गोळ्या करणे वेळखाऊ वाटले तर बी कोरड्या मातीत चोळून मिसळावे, विस्कटून पेरावे आणि वरून बाभळीची काटेरी फांदी ओढावी. एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलेले बी वर येत नाही. जवळ धनगराचा कळप असेल तर पेरलेल्या तुकड्यावरून मेंढ्या एकदा चालवून घ्याव्यात. खुरांनी बी मातीला घट्ट भिडते.

मिश्रण करताना निम्मे वजन शेडा-पवन्याचे, पाव डोंगरी किंवा मारवेलचे, आणि उरलेले इतर गवतांचे व स्थानिक द्विदलांचे, असा ढोबळ हिशेब ठेवता येईल. रासायनिक खत घालू नये. नत्राचा फायदा गवतापेक्षा तणे आधी घेतात.

पहिली दोन वर्षे

पहिल्या पावसाळ्यात माळाकडे पाहून बहुतेकांचा धीर सुटतो. गवताचे रोप वर चार पाती दाखवते आणि सारी ताकद मुळांत घालते, तर तणे गुडघ्यापर्यंत येतात. अशा वेळी तणे उपटत बसण्यापेक्षा ती फुलण्याआधी विळ्याने गवताच्या वर, म्हणजे वीतभर उंचीवर कापावीत. कोवळ्या गवताच्या मुळांना धक्का लागत नाही आणि ऊन आत पोहोचते.

पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद आणि दुसऱ्या वर्षी बी गळेपर्यंत बंद, हा नियम काटेकोरपणे पाळावा. तो पाळायचा तर ज्यांची जनावरे आजवर तेथे चरत आली त्यांच्याशी आधी बोलणे झालेले असले पाहिजे. हे बोलणे फलक लावून होत नाही. पर्याय म्हणून दुसरा तुकडा खुला ठेवावा, आणि नोव्हेंबरनंतर कापणीचा वाटा कोणाला किती हे आधीच ठरवावे. अनेक धनगर कुटुंबे दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यामुळे त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा धरून बंदी आखली तर ती जाचक होत नाही.

कुंपणाला जाळी किंवा काटेरी तार वापरू नये. घाबरून पळणारे काळवीट आणि चिंकारे तारेत अडकून मरतात. शेराचे कुंपण किंवा कमरेखालचा दगडी बांध, तोही मध्ये मोकळ्या वाटा ठेवून, पुरतो.

कापणी, चराई आणि आग

कुरण एकदा लागले की पुढचा प्रश्न त्याची उंची कशी राखायची हा असतो, आणि वन्यजीव येणार की नाही हे खरे तर येथेच ठरते. प्रत्येक प्राण्याची मागणी वेगळी आहे. काळविटाला आखूड, हिरवे गवत आणि दूरवर दिसेल असा मोकळा माळ लागतो. खोकड सपाट, उघड्या जागी बीळ करते. पखुर्डी आणि धाविक तर जवळजवळ नागड्या, खडेरी जमिनीवर अंडी घालतात. उलट तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला आकर्षित करतो, त्यासाठी त्याला गुडघ्याएवढे गवत हवे. फार उंच आणि दाट झाले तर त्याची उडी दिसत नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या पक्षी दिवसभर माळावर नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री उंच गवतात, जमिनीवरच, थव्याने मुक्काम करतात. सगळा माळ एकाच उंचीवर ठेवला तर यांपैकी निम्म्यांना तो निरुपयोगी ठरतो.

म्हणून जमिनीचे ढोबळ तीन भाग करावेत आणि दरवर्षी त्यांची पाळी बदलावी. एका भागात नोव्हेंबरमध्ये, बी गळल्यावर, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर खुंट ठेवून कापणी करावी. दुसऱ्या भागात डिसेंबर-जानेवारीत मेंढ्या किंवा गुरे थोड्या दिवसांसाठी, पण बऱ्यापैकी संख्येने चारून काढावीत. तिसरा भाग पुढच्या जूनपर्यंत उभा ठेवावा. कापणी कडेकडून आत न करता मधून बाहेर करत जावे, म्हणजे आतला ससा किंवा लावा बाहेरच्या गवताकडे निसटू शकतो. वर्षानुवर्षे काहीच न कापता आणि न चारता सोडलेले कुरणही चांगले राहत नाही; जुन्या वाळक्या काड्यांखाली नवे कोंब गुदमरतात आणि ठोंब मधून मरत जातो.

आगीबद्दल मतभेद आहेत. माळरानाला आग नवी नाही आणि कुसळीसारखी गवते तिच्यावर पोसतात, हे खरे. पण मार्च ते मे या काळात लावलेल्या वणव्यात पखुर्डीची अंडी, ससे, कासवे आणि लांडग्याची पिल्लेही सापडतात, आणि वारंवार जळणाऱ्या माळावर शेडा-पवन्या कमी होऊन कुसळीचे राज्य येते. त्यामुळे खासगी कुरणात आग वापरूच नये असे माझे मत आहे. त्याऐवजी डिसेंबरमध्ये, गवत पूर्ण वाळण्यापूर्वी, हद्दीने आणि रस्त्याकडेने चार-पाच मीटर रुंदीचा पट्टा कापून साफ करावा आणि शेजाऱ्यांना पाचट पेटवण्याआधी कळवायला सांगावे.

माळाबाहेरच्या गोष्टी

गवत उत्तम असूनही प्राणी टिकत नाहीत, याचे कारण पुष्कळदा मोकाट कुत्री असतात. ती चिंकाऱ्याची पाडसे आणि खोकडे मारतात, रोग पसरवतात, आणि लांडग्यांशी त्यांचा संकर झाल्याचेही पुणे परिसरात आढळले आहे. जवळच्या कोंबडीपालकांनी मेलेल्या कोंबड्या माळावर फेकणे थांबवले आणि त्या पुरल्या, तर कुत्र्यांची गर्दी बरीच कमी होते. उघड्या विहिरींना कठडा बांधावा. रात्री त्यांत पडणारे प्राणी थोडे नसतात. पाण्यासाठी बशीसारख्या उथळ, उतरत्या काठाचे एखादे तळे पुरे. सिमेंटचे उभ्या कडांचे टाके लहान प्राण्यांसाठी सापळा ठरते.

काळविटे वाढली की शेजारच्या हरभऱ्यात शिरणार आणि लांडगा शेळी उचलणार, हे आधीच गृहीत धरावे. शासनाकडून नुकसानभरपाई मिळते, पण त्यासाठी वनविभागाला लगेच कळवून पंचनामा व्हावा लागतो. अर्ज कसा करायचा हे गावातल्या दोघा-तिघांना शिकवून ठेवले तर विषप्रयोगासारखे प्रकार टळतात. क्षेत्र लहान आहे म्हणून मागे हटण्याचे कारण नाही. काळविटांसाठीचे रेहेकुरी अभयारण्य जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर आणि चिंकाऱ्यांसाठीचे सुप्याचे मयुरेश्वर अभयारण्य ५.१४ चौरस किलोमीटर आहे. भोवतीच्या माळांचा आणि शेतांचा आधार मिळाला तर एवढ्या जागेतही कळप राहतात.

नोंदी

पहिल्या पाहणीतली चौकट दरवर्षी सप्टेंबरमध्ये त्याच जागांवर टाकावी आणि त्याच ठिकाणाहून, त्याच दिशेने एक छायाचित्र घ्यावे. प्राण्यांसाठी महिन्यातून एकदा, सकाळी लवकर, ठरलेल्या वाटेने चालत जाऊन दिसलेले पक्षी, पायांचे ठसे आणि विष्ठा यांची नोंद करावी. बीळ किंवा घरटे दिसले तर लांबूनच पाहून निघून यावे. लांडग्याची पिल्ले हिवाळ्यात बिळात असतात आणि माणसाची ये-जा वाढली की मादी त्यांना दुसरीकडे हलवते. अशा जागांची छायाचित्रे ठिकाणासह समाजमाध्यमांवर टाकू नयेत.

पहिल्या वर्षी चंडोल आणि टिटव्या वाढलेल्या दिसतात, कारण त्यांना विरळ गवतही चालते. लावे-तित्तर साधारण दुसऱ्या हिवाळ्यात ठरू लागतात. तिसऱ्या पावसाळ्यानंतरही चौकटींतले बहुवर्षायू ठोंब वाढले नसतील, तर आणखी बी आणण्यापूर्वी रात्रीची चोरटी चराई, तणांची सावली आणि मातीची खोली ही तीन कारणे याच क्रमाने तपासावीत.